ससाण्यांच्या माळावर : सावित्रीमाई आणि पुण्याचा प्लेग

दरवर्षी ३ जानेवारीला गावोगावच्या शाळांतून सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. प्रतिमेला पुष्पहार अर्पण केला जातो, मुली भाषणे करतात, पहिल्या शाळेची हकीकत पुन्हा सांगितली जाते. हे सर्व यथोचितच आहे. त्या मानाने १० मार्च हा त्यांचा स्मृतिदिन मात्र शांतपणे निघून जातो. इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांस सातत्याने असे जाणवत आले आहे की, सावित्रीमाईंच्या जीवनाचा अर्थ त्यांच्या अखेरच्या काही आठवड्यांवाचून पुरता उलगडत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगचे थैमान चालू असता रुग्णांची सेवा करताना त्यांना त्याच रोगाने गाठले आणि वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

कोरोनाच्या साथीने आपल्या सर्वांपुढे एक प्रश्न उभा केला होता. संकटकाळी माणसाने स्वतःच्या स्वातंत्र्याला, स्वतःच्या जिवाला किती जपावे आणि समाजासाठी त्यातील किती सोडून द्यावे? व्यक्ती मोठी की समाज मोठा, अशा वादाच्या स्वरूपात हा प्रश्न बहुधा मांडला जातो. आमच्या मते हा प्रश्न सावित्रीमाईंच्या चरित्रात फार पूर्वी उभा राहिला होता आणि त्यांनी आपल्या आचरणाने त्याचे उत्तर दिले होते. त्या दृष्टीने त्यांच्या जीवनाकडे पुन्हा एकवार पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याचे जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे पाहिले तर या मुलीचे पुढील आयुष्य ठरून गेले होते. चूल, शेत, मुले आणि मौन. परंतु जोतीरावांनी त्यांना अक्षरओळख करून दिली, पुढे त्यांनी अध्यापनाचे शिक्षणही घेतले आणि १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या तेथे शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या.

या घटनेकडे आपण समाजसेवा म्हणून पाहतो. ती तशी होतीच. पण त्याआधी ती एका स्त्रीने स्वतःच्या बुद्धीवर सांगितलेला हक्क होती. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या पिशवीत एक जादा लुगडे नेत, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. शेण फेकणारे लोक स्वतःला समाजाचे रक्षक समजत होते. धर्म, जात, कुळाची अब्रू यांच्या नावाने ते बोलत होते. १८४९ मध्ये सासरे गोविंदराव यांनी समाजाच्या दडपणाखाली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. शाळा सोडली असती तर घर राहिले असते. सावित्रीबाईंनी घर सोडले.

त्या काळी समाज या शब्दाचा अर्थ व्यक्तीला गप्प बसविणारी सत्ता असाच होता. सावित्रीबाईंनी त्या सत्तेची आज्ञा मोडली. म्हणजे त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा प्रारंभ समाजाला नकार देण्यापासून झाला. हे नीट ध्यानात घेतल्याशिवाय पुढे त्यांनी त्याच समाजासाठी प्राण वेचले याचे मोल कळणार नाही.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारने फुले दांपत्याच्या शैक्षणिक कार्याचा जाहीर गौरव केला. तरीही नातलगांच्या मनातील अढी गेली नव्हती. १८५६ साली आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी नायगावला राहिल्या होत्या. तेथून १० ऑक्टोबर रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. महार-मांगांची सेवा करून तुम्ही कुळाला बट्टा लावता, जातीच्या रूढीप्रमाणे आणि भटाच्या सांगण्याप्रमाणे वागा, असा उपदेश भावाने केल्याचे त्यात त्यांनी कळविले आहे. भाऊ गाईबकऱ्यांना मायेने कुरवाळतो आणि माणसाला मात्र अस्पृश्य मानतो, ही विसंगती त्यांनी त्याला तोंडावर दाखवून दिली. आजारी, माहेरच्या आश्रयाला आलेली पंचवीस वर्षांची स्त्री भावाशी इतक्या निर्भयपणे वाद घालते, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती.

स्वतःसाठी मिळविलेले स्वातंत्र्य त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल तेथेच ठेवून जावे, अशी सोय होती. ज्या स्त्रियांना जातबांधवांनीच आत्महत्येच्या किंवा बालहत्येच्या कड्यावर आणून उभे केले होते, त्यांना सावित्रीबाईंनी आपल्या घराचा दरवाजा उघडला. अशाच एका ब्राह्मण विधवेचे, काशीबाईचे, मूल त्यांनी १८७४ साली दत्तक घेतले. तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. त्याचा उल्लेख या हकीकतीत पुन्हा येणार आहे.

२९ ऑगस्ट १८६८ चे नायगावहून लिहिलेले त्यांचे दुसरे पत्र याहून हृदयद्रावक आहे. पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची अस्पृश्य समाजातील मुलगी यांचे परस्परांवर प्रेम जडले. मुलगी गरोदर होती. गावकऱ्यांनी दोघांना पकडून मारझोड करीत गावातून फिरविले आणि त्यांचा जीव घेण्याचे ठरविले. सावित्रीबाई धावत गेल्या, गर्दीत शिरल्या, इंग्रजी कायद्याने खुनाबद्दल काय शिक्षा होईल याची जाणीव त्यांनी जमावाला करून दिली आणि दोघांचे प्राण वाचवून त्यांना पुण्याला जोतीरावांकडे रवाना केले. अख्खे गाव एका बाजूला आणि दोन भेदरलेले जीव दुसऱ्या बाजूला होते. सावित्रीबाई त्या दोघांच्या बाजूला उभ्या राहिल्या.

येथपर्यंतचे चरित्र पाहिले तर त्या व्यक्तिस्वातंत्र्याच्या कैवारी होत्या, असे कोणीही म्हणेल. परंतु २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्या एका नव्या समाजाच्या उभारणीत गुंतल्या. मध्यस्थावाचून धर्मकार्य, हुंड्यावाचून विवाह, जातीवाचून सोबत, असे या समाजाचे स्वरूप होते. माणसे येथे स्वतःच्या विचाराने येत आणि स्वतःच्या विचाराने बांधली जात. जुन्या समाजात जन्माने मिळालेले बंधन होते. येथे विवेकाने पत्करलेली जबाबदारी होती.

त्या जबाबदारीची पहिली मोठी परीक्षा १८७६-७७ च्या दुष्काळाने घेतली. २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर भागातील ओतूरहून लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून कशी तडफडत आहेत, लोक मुलाबाळांना घेऊन गाव कसे सोडत आहेत, सावकार कसे पिळत आहेत, याचे वर्णन केले आहे. त्या स्वतः त्या भागात राहून सत्यशोधक कार्यकर्त्यांसह मदतकार्य करीत होत्या. कार्यकर्ते पकडले गेले तेव्हा त्या कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना सोडवून आणले. भुकेल्या मुलांसाठी धनकवडीच्या छावणीत अन्नदानाची व्यवस्था झाली. संकट आले म्हणजे दूर राहून हळहळावयाचे नाही, हा त्यांचा स्वभाव या दुष्काळात सिद्ध झाला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक पुत्राच्या अधिकाराला भाऊबंदांनी आक्षेप घेतला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि पतीच्या चितेला त्यांनीच अग्नी दिला. पुढे १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. साठी ओलांडलेल्या या विधवेने विश्रांती घेतली असती तर कोणी बोट दाखविले नसते.

त्यानंतर प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले आणि थोड्याच काळात तो पुण्यात पोहोचला. जांघेत वा काखेत गाठ, भयंकर ताप आणि अनेकदा काही दिवसांतच मृत्यू. रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये यर्सिन या शास्त्रज्ञाने शोधला होता, परंतु तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाला होतो, हे सिमों या फ्रेंच संशोधकाने १८९८ साली दाखवून दिले. म्हणजे १८९७ च्या प्रारंभी हा रोग नेमका कसा पसरतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत आपली नवी लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली, तेवढाच काय तो आशेचा किरण.

अशा अज्ञानात भीती वाढते. ज्यांना शक्य होते त्यांनी शहर सोडले. ज्यांना शक्य नव्हते त्यांनी आजारी माणूस घरात लपविला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला आणि अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, रुग्ण हलविण्याचे, वस्तू नष्ट करण्याचे व्यापक अधिकार दिले. पुण्यात प्लेग कमिटीचे प्रमुखपद रँड या अधिकाऱ्याकडे गेले. एकीकडे भयभीत प्रजा, दुसरीकडे तिच्यावर विश्वास नसलेले सरकार. मध्ये रोगी माणूस एकटा पडला.

या एकट्या पडलेल्या माणसाकडे सावित्रीमाईंचे लक्ष गेले. यशवंत तेव्हा लष्करी सेवेत डॉक्टर होता. आईने त्याला बोलावून घेतले आणि पुणे शहराबाहेर, हडपसरजवळ, ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू झाला. ससाणे हे यशवंताच्या सासरचे कुटुंब. गजबजलेल्या पेठांपासून दूर, मोकळ्या हवेत, अशी ही जागा होती. सावित्रीबाई स्वतः आजारी माणसांना शोधून तेथे आणीत आणि त्यांची शुश्रूषा करीत.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. रुग्णाला वस्तीपासून वेगळे ठेवले पाहिजे, हे तत्त्व सावित्रीबाईंनी नाकारले नव्हते. त्यांचा दवाखाना वस्तीबाहेरच होता. परंतु ज्या समाजातून त्या आल्या होत्या त्याला वेगळे ठेवण्याचा एक हजारो वर्षांचा जुना सराव होता. त्याचे नाव अस्पृश्यता. गावाबाहेर घर, दूर पाणवठा, सावलीचाही विटाळ. रोग नसलेल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या दूर ठेवणारा हा समाज होता. सावित्रीमाईंनी या दोन अंतरांतील फरक कृतीने दाखविला. रोगापासून इतरांचा बचाव व्हावा म्हणून राखलेले अंतर हे शहाणपण आहे. त्या अंतराच्या पलीकडे माणसाला टाकून देणे हा विटाळ आहे. त्यांनी रुग्णाला वस्तीबाहेर नेले आणि स्वतः त्याच्यासोबत वस्तीबाहेर गेल्या.

मुंढवा गावाबाहेरील महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना समजले. गावाच्या हद्दीवर राहणाऱ्या या वस्तीकडे एरवीही कोणी फिरकत नसे, प्लेगच्या दिवसांत तर नाहीच. सावित्रीबाई तेथे गेल्या. त्यांनी त्या मुलाला आपल्या पाठीवर घेतले आणि माळावरच्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, पण सावित्रीमाईंना प्लेगची बाधा झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांची प्राणज्योत मालवली.

त्याच साथीत महिनाभर आधी, फेब्रुवारीमध्ये, गिरणी कामगारांना संघटित करणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचाही प्लेगने मृत्यू झाला होता. डॉ. यशवंत यांनी पुढेही प्लेगच्या रुग्णांवर उपचार केले आणि १९०५ साली त्याच रोगाने ते गेले. जन्मतःच ज्याला समाजाने नाकारले असते तो मुलगा समाजाच्या सेवेत कामी आला.

सावित्रीमाईंच्या निधनानंतर तीनच दिवसांनी, १३ मार्च १८९७ पासून, पुण्यात गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्यांचे सत्र सुरू झाले. सैनिक स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, बायकामाणसांची तपासणी झाली, सामानाची होळी झाली. रोग आवरण्याचा हेतू असेलही, पण लोकांना तो जुलूम वाटला. लोक रुग्णांना अधिकच लपवू लागले. २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हा पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. पाठ्यपुस्तकांत १८९७ च्या पुण्याची ओळख या एका घटनेने होते. ससाण्यांचा माळ त्यात क्वचितच दिसतो. वास्तविक साथीला तोंड देण्याचे दोन मार्ग त्या एकाच शहरात, एकाच महिन्यात समोरासमोर उभे होते. सक्तीच्या मार्गाने रुग्ण दडले. मायेच्या मार्गाने रुग्ण माळावर आले.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू झाला. शाळा बंद झाल्या. निवासी शाळांची वसतिगृहे रिकामी झाली आणि मुले आपापल्या गावी गेली. त्यांपैकी अनेकांच्या घरी हातावर पोट होते, एका खोलीत सहा-सात माणसे होती, अभ्यासासाठी मोबाईल नव्हता. शहरांतून मजुरांचे तांडे पायी निघाल्याची दृश्ये आपण सर्वांनी पाहिली. त्याच काळात काही वसाहतींनी दवाखान्यात राबणाऱ्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना घर सोडावयास सांगितले. आरोग्यसेवकांवरील हल्ले थांबविण्यासाठी एप्रिल २०२० मध्ये त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. एकशे तेवीस वर्षांनंतरही दुरावा आणि विटाळ यांतील भेद आपल्याला नीट कळला नव्हता.

येथे कोणी विचारील की, सावित्रीमाईंनी रुग्णाला पाठीवर घेतले, मग कोरोनात आपण घरात का बसलो? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर असे की, जबाबदारी एकच असते, तिचे रूप मात्र ज्ञानानुसार आणि सामर्थ्यानुसार बदलते. १८९७ मध्ये रुग्णापर्यंत पोहोचणारा माणूस नव्हता, म्हणून जाणे ही जबाबदारी होती. २०२० मध्ये आपल्या श्वासातून दुसऱ्याला बाधा होऊ शकते हे विज्ञानाने सांगितले होते, म्हणून मुखपट्टी लावणे, गर्दी टाळणे, लस घेणे ही जबाबदारी होती. ज्याच्या अंगी वैद्यकीय ज्ञान होते त्याने दवाखान्यात उभे राहावयाचे होते, ज्याच्या घरी धान्य होते त्याने शेजाऱ्याची चूल पाहावयाची होती. सावित्रीमाईंचे अनुकरण म्हणजे त्यांच्या प्रत्येक कृतीची नक्कल नव्हे. त्यांनी विचारलेला प्रश्न आपण विचारणे होय. या घडीला एकटा कोण पडला आहे, हा तो प्रश्न.

स्वातंत्र्य आणि समता यांना बंधुतेचा आधार नसेल तर ती टिकणार नाहीत, असा इशारा महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नसून तथागत बुद्धांच्या शिकवणीतून घेतली आहे, असेही त्यांनी पुढे स्पष्ट केले. जोतीरावांना गुरुस्थानी मानणाऱ्या बाबासाहेबांच्या या विचाराचा प्रत्यय सावित्रीमाईंच्या जीवनात येतो. भिडेवाड्यात त्यांनी स्वातंत्र्य मिळविले, नायगावच्या चावडीसमोर समतेची बाजू घेतली आणि ससाण्यांच्या माळावर बंधुता जगून दाखविली. या तीन गोष्टी त्यांच्या ठायी वेगळ्या नव्हत्या. ज्या बाईने समाजाचे भय एकोणिसाव्या वर्षाआधीच टाकून दिले होते, तीच बाई प्लेगच्या भयाला ओलांडू शकली. जे घरातून हाकलले जाण्याला भ्याले असते ते महारवाड्यापर्यंत पोहोचलेच नसते.

म्हणून आम्हांस असे वाटते की, निवासी शाळेत वाढणाऱ्या मुलामुलींना व्यक्ती आणि समाज यांपैकी एकाची निवड करावयास शिकवू नये. त्यांना प्रथम स्वतःच्या पायावर, स्वतःच्या विचारावर उभे राहू द्यावे. रूढी सांगते म्हणून, मोठे सांगतात म्हणून मान तुकविणारा विद्यार्थी संकटात इतरांच्या उपयोगी पडत नाही, कारण तेव्हाही तो कोणाच्या तरी आज्ञेची वाट पाहत राहतो. आणि केवळ स्वतःची प्रगती साधून, वस्तीकडे पाठ फिरवून निघून जाणारा विद्यार्थी या शिक्षणाला पुरता न्याय देत नाही. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज दवाखान्यांत, शाळांत, कार्यालयांत आणि शेतांवर काम करीत आहेत. वसतिगृहात ताटाला ताट लावून जेवलेल्या, आजारी सोबत्याच्या उशाशी रात्र काढलेल्या या मुलांना आम्ही वेगळे काय सांगावे!

एवढीच एक विनंती मात्र करावीशी वाटते. येत्या १० मार्चला आपापल्या गावी, वस्तीत, कार्यालयात सावित्रीमाईंचे स्मरण करावे. त्या दिवशी एखादा एकाकी वृद्ध, एखादा दीर्घ आजारी शेजारी, उपचारासाठी शहरात येऊन मुक्कामाची सोय नसलेले एखादे कुटुंब शोधावे आणि त्यांच्या दारी जावे. हार-तुरे नंतरही घालता येतील. मुंढव्याच्या वाटेवर पाठीवर मूल घेऊन चाललेल्या त्या सहासष्ट वर्षांच्या माउलीला हेच अभिवादन अधिक शोभून दिसेल.